झोपण्याआधी पुन्हा एकदा बघा

“आणि कुलूप कुणी काढायचं, हे इथे कुठे लिहिलंय?”

नलिनीबाई उपळेकर विचारत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

मंगळवार होता. मिरजेतल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर ऊन आलं होतं. पुढ्यात संगणकाच्या कोडाचे छापून काढलेले कागद, त्यावर स्टीलची पट्टी. शेजारच्या ताटात अर्धी निवडलेली मेथी.

बाईंनी फोन कानाला लावला.

“हं... कधी?... बरं. मुलगी पोचली का?... बरं.”

फोन खाली ठेवला. पट्टी सरकली होती, ती पुन्हा ओळीखाली नीट लावली.

“रामनाथ लोटलीकर गेला. आज सकाळी.”

समोर बसलेला प्रज्योत मगदूम उठून उभा राहिला. लोटलीकरांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण हातातल्या कागदांवर जागोजागी ‘रा. लो.’ होतं.

“मी नंतर येतो, बाई.”

“बस. कुलूप कुणी काढायचं?”

“...आत शिरलेल्याने.”

“मग तसं लिही.”

त्याने लिहिलं. बाईंनी मेथीचं ताट जवळ ओढलं.

संगणकाच्या कामकाजाचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तिथे शेकडो कामं एकाच वेळी चालू असतात. एकाच माहितीला दोघांनी एकदम हात घातला तर घोटाळा होतो. म्हणून कुलपं असतात. एक आत असला की बाकीच्यांनी रांगेत नाव घालून झोपायचं. बाहेर पडणाऱ्याने रांग बघून पुढच्याला हाक मारायची.

अशा एका कर्नलमधली कुलपं बाई आणि लोटलीकर यांनी एकतीस वर्षं सांभाळली. बाई मिरजेत, लोटलीकर मडगावला.

कोडात मध्ये मध्ये माणसांसाठी लिहिलेल्या ओळी असतात. त्या कॉमेंट्स. यंत्र त्या वाचत नाही.

प्रज्योत सव्वीस वर्षांचा. जयसिंगपूरचा. सहा महिने खपून त्याने एक नवं, जलद कुलूप लिहिलं होतं. बाईंची सही झाली की ते लाखो यंत्रांत जाणार होतं. सही नाही झाली, तर त्याच्या लॅपटॉपवरच राहणार होतं.

बाईंचा नियम एकच. कुलपांच्या घरात येणाऱ्याने आधी तिथल्या कॉमेंट्स दुरुस्त करायच्या. मग कोडाला हात.

“बाई, मी कुलपं घडवणारा माणूस,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. “तुम्ही मला दारावरच्या पाट्या रंगवायला बसवलंय.”

“पाट्या वाचता येतात ना?”

“येतात.”

“बघू.”

त्या मंगळवारनंतर आठवड्याने तो एकेचाळीस दुरुस्त्या घेऊन आला.

कुठे कॉमेंट म्हणत होती की येणाऱ्याने कुलूप आधीच धरलेलं असावं, आणि कोड ते स्वतःच धरत होता. कुठे तीन गोष्टी द्या असं लिहिलं होतं, आणि कोड दोनच घेत होता. सगळीकडे त्याने कोड पाहिला आणि कॉमेंट त्याच्या मापाने कापून घेतली.

बाई पट्टी लावून वाचत गेल्या. एकेक सही होत गेली. चाळीस झाल्या.

एकेचाळिसाव्यावर पट्टी थांबली.

जुनी कॉमेंट होती: ‘रांगेत नाव घातल्यावर, झोपण्याआधी पुन्हा एकदा बघा.’

प्रज्योतने ती बदलली होती: ‘आधी बघा. मग रांगेत नाव घालून झोपा.’

“हे का बदललंस?”

“कोड एकदाच बघतो. कॉमेंट दोनदा म्हणते. चूक कॉमेंटची.”

“कशावरून?”

“कोड चालतो, बाई. कॉमेंट नुसती बोलते.”

“चालतो?”

“लाखो यंत्रांवर.”

“आणि वर्षातून तीनचारदा कुठेतरी थांबतो, ते?”



ते सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षं हे चाललं होतं. एखादं यंत्र कारण नसताना गोठायचं. बंद करून चालू केलं की पुन्हा ठणठणीत. मागच्या उन्हाळ्यात एका गावच्या पाण्याच्या पंपांचं यंत्र असं गोठलं, आणि गाव दोन दिवस कोरडं राहिलं. कुणी धुळीला दोष दिला, कुणी विजेला. कारण कुणाला सापडलं नाही.

“हार्डवेअरचा दोष असेल,” तो म्हणाला.

“असेल.”

“मग... सही?”

“चहा घेशील?”

बाई आत गेल्या. येताना शाळेतली जुनी पाटी घेऊन आल्या आणि ती त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीला टांगली.

“ही रांग. चहा झाला की मी पाटी बघणार. तिच्यावर ज्याचं नाव असेल त्याला एकदा हाक मारणार. तू आत येऊन बघ, चहा झालाय का. नसेल झाला, तर पाटीवर नाव लिही आणि ओसरीवर डोळे मिटून बस. कोडात आहे तसंच. वरचं शहाणपण नको.”

“बालवाडी झाली ही, बाई.”

“हो. डबा आणलायस का?”

तो हसत आत गेला. चहाला अजून उकळी यायची होती. तो बाहेर आला. खडू शोधला. खडू ओसरीच्या पार टोकाला, खिडकीत ठेवलेला होता. तो जाऊन घेऊन आला. पाटीवर झोकात नाव लिहिलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

पलीकडच्या गल्लीत कुणीतरी नव्या तंबोऱ्याची तार लावत होतं. तीच तार, पुन्हा पुन्हा.

पाच मिनिटं गेली. दहा.

आत एकदा कपबशी वाजली. मग काहीच नाही.

वीस मिनिटं.

“बाई... चहा?”

“केव्हाच झाला.”

तो धडपडत आत गेला. बाई पाटावर बसून आपला कप विसळत होत्या. त्याच्या कपावर जाड साय धरली होती.

“हाक नाही मारलीत!”

“पाटी बघितली की. कोरी होती. कुणाला मारू?”

“अहो, तेव्हा मी खडू आणायला...”



तंबोऱ्याची तार थांबली. पुन्हा सुरू झाली.

“तुम्ही पाटी बघितलीत, त्यानंतर मी नाव लिहिलं.”

“हं.”

“म्हणजे हाक यायचीच नव्हती. मी बसूनच राहिलो असतो.”

“किती वेळ?”

“...यंत्र बंद करून चालू करेपर्यंत.”

बाईंनी कप पालथा घातला.

प्रज्योत ओसरीकडे धावला. कागद उचलला. जुनी कॉमेंट वाचली. नाव घातल्यावर, झोपण्याआधी, पुन्हा एकदा. त्याने ती तीनदा वाचली. मग लॅपटॉप उघडून त्या ओळींचा इतिहास काढला.

दुसऱ्यांदा बघणारी ओळ पूर्वी कोडात होती. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ती काढली होती. शेरा होता: ‘एकच गोष्ट दोनदा बघितली जाते. वेळ वाचवण्यासाठी काढली.’ त्याखाली मंजुरीची सही होती.

ती सही त्याने वाचली आणि मान वर केली नाही.

“मोठ्याने वाच,” बाई दारातून म्हणाल्या.

“...न. उपळेकर.”

“बरोबर. कॉमेंट बदलायची विसरले मी. म्हणून उरली.”

त्याने ती ओळ परत घातली. एकच ओळ.

मग तो ओसरीवरच ठाण मांडून बसला. जुन्या कोडात त्याने बघणं आणि नाव घालणं यांच्या मध्ये मुद्दाम थोडा वेळ घुसवला. खडू लांब ठेवला म्हणा. जुना कोड चौथ्या मिनिटाला गोठला.

नऊ वर्षांत तो आजार कुणालाही बोलावून आणता आला नव्हता. प्रज्योतने जेवणाच्या वेळेपर्यंत तो सात वेळा बोलावला. दर वेळी आतून भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबायचा आणि बाई विचारायच्या, “गोठला?”

“गोठला!”

मग त्याने परत घातलेल्या ओळीसकट तेच केलं. तास गेला. दिवस गेला. अकरा दिवस ते यंत्र एका दमात चाललं. तोवर ती ओळ आणि आजार बोलावायची युक्ती बाईंच्या सहीने बाकीच्यांकडेही गेली होती.

बाराव्या दिवशी सकाळी फाटकापासूनच आरोळी आली.

“बाई! सुटलं! सगळीकडे सुटलं!”

त्याच्या एका हातात जयसिंगपूरचं भडंग होतं, दुसऱ्यात फोन. तो पायरीवरूनच पत्रं वाचून दाखवायला लागला. कुठून कुठून आलेली. ज्यांनी वर्षानुवर्षं ह्या दोषामागे डोकं फोडलं होतं, ते सगळे लिहीत होते. त्या गावच्या पंपांवरच्या माणसाने लिहिलं होतं: ‘आता तरी आमच्या धुळीची माफी मागा.’

बाई हसल्या. खूप हसल्या. डोळ्यांना पदर लावावा लागला इतक्या.

“आणि तुझं जलद कुलूप?”

“त्यात तीच चूक होती, बाई. माझा खडू तर आणखी लांब होता.” तो शेजारी येऊन बसला. “दुरुस्त केलं. थोडं मंदावलं.”

“जुन्यापेक्षा?”

“छे! अजून पुढेच आहे.”

“आण इकडे.”

बाईंनी ते सगळं वाचलं. पट्टी लावून, ओळ न् ओळ, एका हाताने भडंग खात. शेवटच्या पानावर सही केली. तारीख घातली.

“वा,” त्या म्हणाल्या.

प्रज्योत सांगतो की असं त्या त्याला पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

“एक राहिलं, बाई.” त्याने तो एकेचाळिसावा कागद पुढे केला. “ही कॉमेंट आता होती तशी ठेवलीय. एक शब्द हलवलेला नाही. आणि दोनदा का बघायचं, त्याचं कारण तिच्याखाली मी लिहिलंय. सहा ओळी. खडूचं नाव न काढता.”

“वाचलं. चांगलं आहे.”

“मग ही एक ओळ तेवढी काढतो.”

त्याने बोट ठेवलं. मूळ कॉमेंटच्या लगेच खाली, एकतीस वर्षांपूर्वीची ओळ होती:

‘पुन्हा का बघायचं, ते सवडीने लिहितो. – रा. लो.’

“कारण आता लिहून झालंय. ही ओळ ठेवली तर कॉमेंट खोटी ठरेल.”

बाईंनी स्टीलची पट्टी त्या ओळीखाली लावली. बराच वेळ ती उचलली नाही.

“ठेव.”

“पण बाई... ते तर आता...”

“त्याने अजून लिहिलेलं नाही.”