परक्या, निंघ

समोरची उतरण बघा. बाकीच्या टेकड्यांवर मोहाच्या झाडांखालची जमीन जाळून काळी झाली आहे आणि इथे पाचोळा अजून घोट्याएवढा. आळस नाही तो. इथे आम्ही थांबतो.

फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पाचोळा जाळायचा, म्हणजे खाण्यासाठी ती वेचायला जमीन साफ मिळते, ही आम्हा कोरकूंची जुनी रीत. पण काडी ओढण्याआधी हाक द्यावी लागते. सगळं गाव पायथ्याशी उभं राहतं आणि पटेल, म्हणजे गावचा मुखिया, वर तोंड करून ओरडतो, "मुंग्याहो, निंघा. सापाहो, निंघा. सशाहो, निंघा. परक्या, निंघ." परका म्हणजे झाडाखाली टेकलेला कुणी वाटसरू, गुराखी. गावच्या माणसाचं नाव हाकेत नसतं, कारण गाव तर खालीच असतं. तुम्हाला हसू येत असेल तर जरा पोटात ठेवा.

फार पूर्वी घाटाखालून एक माणूस तापानं फणफणत इथे आला, असं सांगतात. त्यानं नाव सांगितलं असेलच, पण कुणी ते लक्षात ठेवलं नाही. फुलय नावाच्या विधवेनं त्याला घरात घेतलं. तिचा एकुलता एक पोरगा वाघानं नेला होता. हा बरा झाला आणि इथेच राहिला. आमची बोली शिकला, कंद ओळखू लागला, तिचं छप्पर शाकारू लागला. ताप मात्र त्याला अधूनमधून गाठायचाच.

एकदा हाकेच्या वेळी तो झाडाखाली डुलकी घेत होता. "परक्या, निंघ" ऐकताच दचकून उठला आणि धावत खाली आला. गाव खदखदून हसलं. फुलयच्या मात्र ते काळजाला लागलं.

ती पटेलाच्या दारात गेली. "थो माह्या चुलीवरचं खाते, मले माय म्हणते, अन् हाकेत अजून परकाच? थो शब्द काढून टाका."

"हाक आपली नाही, बाई. डोंगराची हाय," पटेल म्हणाला.

"मंग डोंगराले सांगा, थो आपला हाय म्हणून."

तिनं दारातच बसून अन्न सोडलं. शेवटी पटेल नमला. पुढच्या वर्षी हाक सशांपाशीच संपली.

त्या दिवशी तो पहाटेच बाजाराला गेला होता. वाटेत ताप चढला म्हणून मागे फिरला आणि फुलयच्याच मोहाखाली पाचोळ्यात आडवा झाला. ज्या शब्दानं तो झोपेतूनही उठायचा, तो शब्द कुणी उच्चारलाच नाही. आणि तिच्या झाडाखाली काडी तिनंच ओढली. धूर विरल्यावर फुलय वर गेली तेव्हा सगळं संपलं होतं.

पटेलानं तो शब्द हाकेत परत घातला. तेव्हापासून ती हाक दिली की वारा नसतानाही या उतरणीवर पाचोळा वाजतो, कुणी उठून चालू लागावं तसा. तो वाजेपर्यंत आग लावायची नाही. एका वर्षी एका घरानं घाई केली म्हणे. आग उतरणीवर चढलीच नाही. ती खाली वळली, गावातल्या त्या एकाच घरापाशी आली आणि आतल्या माणसांसकट तेवढंच घर जाळून विझली. त्या जागेवर आजवर कुणी खांब रोवलेला नाही.

फुलय पुढे खूप जगली. मरताना तिनं पटेलाला बोलावून घेतलं. "थ्याले आपल्यात आणाले गेली अन् मीच जाळलं. आता मले थ्याच्यात टाका."

आजही हाकेत शेवटचे शब्द असतात, "परक्या, निंघ. फुलय, निंघ." आधी एक पाचोळा वाजतो आणि झरझर खाली उतरतो. दुसरा कितीतरी वेळ वाजत नाही. कधी दिवस जातो, कधी फुलं गळून सडायला लागतात, पोरं भुकेनं रडतात. तरी कुणी काडीला हात लावत नाही. म्हातारं माणूस आहे, उतरायला वेळ लागतो.