कोऱ्या डब्यातला अंगठा

भाऊसाहेब नेर्लेकर व्यापारी संघाचे अध्यक्ष. त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बोलायचं भाऊसाहेबांनी आणि ऐकायचं गिऱ्हाइकाने. रजनीताईंचा नवरा गेला, तेव्हा घरातला कॉम्प्युटर “यात काही दम उरला नाही” म्हणत भाऊसाहेबांनीच भंगारात घेतला होता. आता घरबसल्या टायपिंग करून पोट भरायचं, म्हणून रजनीताई नवा घ्यायला आल्या.

भाऊसाहेबांनी एक चकचकीत कॉम्प्युटर पुढे सरकवला. रजनीताईंनी तो उघडून दाखवायला सांगितलं, तसे ते भर दुकानात हसले.

“बाई, आत बघून तुम्हाला काय कळणार? घरातलं कुणी पुरुषमाणूस घेऊन या.”

“पण नवाच आहे ना?”

“कोरा करकरीत! आजवर कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही. घ्या, बघा!”

हिला काय कळतंय, या गुर्मीत त्यांनी झाकण काढलं. बाहेरचा डबा नवा होता, पण आतल्या जुन्या भागात, पंख्याशेजारच्या पत्र्यावर वाळलेल्या कुंकवाचा ठसा होता. दर दसऱ्याला रजनीताईंचा नवरा कॉम्प्युटर उघडून धूळ पुसायचा आणि ओल्या कुंकवाचा अंगठा तिथे टेकवायचा. कारखान्यात यंत्रात सापडून अर्धा तुटलेला अंगठा. ठसाही अर्धाच होता. रजनीताईंनी त्यावर बोट ठेवलं.

“कुणा कामगाराचा हात लागला असेल,” भाऊसाहेब पुटपुटले. बाकीची गिऱ्हाइकं जवळ सरकली.

रजनीताईंचा आवाज चढला नाही.

“भाऊसाहेब, घरातलं पुरुषमाणूस आणा म्हणालात. मी कुठून आणणार होते? तुम्हीच त्यांना इथे आणून बसवलंत. आता त्यांच्यासमोर पुन्हा एकदा सांगा, हा नवा आहे म्हणून.”