नाही म्हटलेला शेजारी

फार पूर्वी, इथून कितीतरी देश ओलांडून पश्चिमेला, जिथे डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसले आहेत, तिथे बास्क लोकांच्या एका दरीत दोन घरं होती. एकाचं नाव सागास्ती, दुसऱ्याचं इतुरी. त्या मुलखात घरांना नावं असत आणि माणसं घराच्या नावानं ओळखली जात. आपल्याकडे गावावरून नगरकर, नाशिककर होतात, तसे तिथे घरावरून सागास्तीकर आणि इतुरीकर.

दोन्ही घरांची दारं समोरासमोर, म्हणून हे दोघे एकमेकांचे 'पहिले शेजारी'. तिथे हे नातं नुसतं म्हणण्यापुरतं नसे. घरात मूल जन्मलं की आधी पहिल्या शेजाऱ्याला हाक. छप्पर उडालं, गाय अडली, तरी त्यालाच हाक. आणि घराचा मालक वारला, तर पहिल्या शेजाऱ्यानं परसात जाऊन त्या घरच्या मधमाश्यांना तसं सांगायचं. मधमाश्या म्हणजे घरचीच माणसं. त्यांना कुणी विकत नसे आणि विकत घेतही नसे. बातमी कळली की त्या जास्त मेण करत, त्या मेणाचा दिवा लागे आणि गेलेल्या माणसाला अंधारात वाट दिसे. सांगितलं नाही, तर त्या रुसून घर सोडून जात.

दरीच्या डोक्यावर एक उंच सुळका होता, त्यात गुहा होती आणि गुहेत मारी राहायची. आपली मरीआई नव्हे, ही वेगळी. ऊन, वारा, गारा, धुकं सगळं हिच्या हातात. हिचं जेवण मात्र जगावेगळं. ती लोकांच्या 'नाही'वर जगायची. जे असूनही कुणी नाही म्हटलं, ते तिचं. दारी आलेल्या वाटसरूला एखादी म्हणाली, "लोणी नाही हो घरात," आणि फडताळात लोणी असलं, की संध्याकाळी भांडं चाटूनपुसून स्वच्छ. मग मांजराला बोल लावून उपयोग नसे. दरीतल्या पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. मोठ्यांना तर होतंच, पण मोठी माणसं ठाऊक असलेल्याच गोष्टी विसरतात.

तर झालं असं. इतुरीकराला आपल्या सायडरचा भारी अभिमान. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस पिंपात मुरवून करतात ते पेय. एका वर्षी जत्रेत, सगळ्या गावासमोर, सागास्तीकरानं त्याचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "हे गाईला पाजा. पोट साफ होईल."

गाव पोट धरधरून हसलं. इतुरीकराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून त्यानं समोरच्या घराकडे पाहणं सोडलं. बसायचा बाक उचलून घरामागे नेला. कुणी विचारलं, "काय म्हणतोय तुमचा शेजारी?" की हा म्हणे, "कोण शेजारी? मला शेजारी नाही."

त्याची बायको त्याला समजवायची. "अहो, असं बोलू नका. वर बाई ऐकत असते."

"ऐकू दे. शेजारी नाही म्हणजे नाही."

तिकडे सागास्तीकरही काही कमी नव्हता. त्याचं तोंड म्हणजे उघडी मोरी. "माझा शेजारी गाढव आहे. रेडा आहे. त्याच्या पिंपात व्हिनेगर आहे आणि डोक्यात भुसा आहे," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत असे. अशी पाच वर्षं गेली.

पाचव्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत, सागास्तीकर मेंढरं उतरवून आणायला डोंगरावर गेला. बघता बघता धुकं उतरलं. दुपारी मेंढरं आपली आपण खाली आली, मागोमाग कुत्रा आला, पण मालक आला नाही. गावानं तीन दिवस डोंगर पालथा घातला. शेवटी एका खोल कपारीच्या काठावर त्याची चपटी टोपी तेवढी सापडली. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "संपलं."

चौथ्या दिवशी सकाळी सागास्तीकराची बायको इतुरीच्या दारात येऊन उभी राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदा. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"भाऊजी, मधमाश्यांना सांगायला चला."

इतुरीकरानं नजर चुकवली.

"तुमचं आणि ह्यांचं काय होतं ते होतं. पण पहिले शेजारी तुम्हीच. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्या ऐकत नाहीत. आज सांगितलं नाहीत, तर मधमाश्याही जातील आणि ह्यांच्या नावानं दिवाही लागायचा नाही."

तो निघाला. काय करणार, रीत म्हणजे रीत. सागास्तीच्या परसात सफरचंदाच्या झाडांखाली पोळ्यांच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. गावातली म्हातारी माणसं टोप्या काढून उभी होती. इतुरीकरानं रिवाजाप्रमाणे पहिल्या पेटीवर बोटानं टकटक केलं आणि वाकून म्हणाला, "मधमाश्यांनो, ऐका. तुमचा मालक आता…"

पुढचा शब्द 'नाही' हा होता. तो ओठांवर आला आणि इतुरीकरानं तो तिथेच गिळला. कारण तो शब्द त्याच्या तोंडाला इतका सवयीचा होता, की जीभ आपोआप वळत होती. सागास्तीकर जिवंत, धडधाकट, समोरच्या अंगणात ओरडत असताना आपण पाच वर्षं हेच म्हणत आलो. असलेल्याला नाही म्हणत आलो. आणि असं नाही म्हटलेलं कुणाचं होतं?

"वहिनी," तो सरळ उभा राहत म्हणाला, "मला हे सांगता यायचं नाही. मी त्याला आणायला जातो."

"अरे, खुळा झालास का?" एक म्हातारा म्हणाला. "तीन दिवस शोधलं आम्ही. एक वाक्य बोल आणि मोकळा हो."

"ते एक वाक्य बोललो तर तो खरंच जाईल," इतुरीकर म्हणाला. "अजून माझं शेवटचं 'नाही' म्हणायचं बाकी आहे."

कुणाला काही कळलं नाही. त्याच्या बायकोला मात्र सगळं कळलं. तिनं भाकर बांधून दिली आणि अंगणातच बजावलं, "तिला अहो-जाहो करू नका, देवीला तूच म्हणतात. ती बस म्हणाली तरी बसू नका. आणि जसं तोंड करून आत जाल, तसंच तोंड ठेवून मागे मागे चालत बाहेर या. पाठ फिरवलीत तर तिथेच राहाल. आणि हो, खोटं बोलू नका. निदान आज तरी!"

दुपार कलायच्या आत तो गुहेपाशी पोचला. आत मारी बसली होती. समोर एक मेंढा निवांत रवंथ करत होता आणि त्याच्या शिंगांवर ती सोनेरी सूत गुंडाळत होती. तिच्यामागे भिंतीपर्यंत काय काय रचलेलं! लोण्याची भांडी, चीजचे गड्डे, तांब्याची घंगाळं, कुणाची चांदीची बटणं. दरीतल्या लोकांनी आजवर जे जे 'नाही' म्हटलं होतं ते सगळं. आणि त्या पसाऱ्यात, एका पिंपाला टेकून, सागास्तीकर बसला होता. पण कसा? धुतलेल्या कपड्याचा रंग जावा तसा फिका. त्याच्या आरपार मागचं पिंप दिसत होतं.

"ये, बस," मारी म्हणाली.

"उभाच बरा आहे मी."

"बरं. काय हरवलंय तुझं?"

"माझा शेजारी."

मारीनं सूत गुंडाळणं थांबवलं नाही. "तुला कुठे शेजारी आहे? पाच वर्षं मी इथून ऐकतेय. शेजारी नाही, शेजारी नाही. मी चोर नव्हे रे बाबा. कुणी टाकलेलं तेवढंच उचलते."

इतुरीकराची मान खाली गेली. "मी खोटं बोललो."

"मग आहे म्हण. पण तोंडदेखलं नको, ते कुणीही म्हणेल. तो कोण आहे, कसा आहे, ते नीट सांग. खरं सांगशील तेवढा तो परत येईल."

इतुरीकरानं घसा खाकरला. "माझा शेजारी फार गुणी माणूस आहे. गोड बोलणारा, शांत…"

सागास्तीकर आणखी फिका झाला. आता पिंपाची एकेक फळी मोजता आली असती.

"हं!" मारी म्हणाली. "असा तर तो तासाभरात विरून जाईल."

इतुरीकर घाबरला आणि घाबरला म्हणून खरं बोलू लागला. "खवचट आहे तो! तोंडाळ आहे! त्याचा कुत्रा माझ्या पायरीवर घाण करतो आणि हा तिकडून बघून हसतो! गाणं येत नाही आणि रोज सकाळी गातो!"

सागास्तीकराच्या गालांवर रंग चढला. कान तर चांगले लाल झाले.

"बरं चाललंय," मारी म्हणाली. "एवढंच आहे?"

इतुरीकर थांबला. पुढचं सांगणं जड होतं. शिव्या कुणालाही देता येतात. "माझं छप्पर वाऱ्यानं उडालं होतं," तो हळूहळू म्हणाला, "तेव्हा मी हाक मारायच्या आधी हा शिडी घेऊन आला होता. स्वतःच्या गोठ्याची कौलं काढून माझ्या घरावर घातली. माझी लेक तापानं फणफणली तेव्हा तीन खोरी ओलांडून वैद्यीणबाईला पाठीवर बसवून आणली. मी त्याचे आभार मानले तर म्हणाला, 'म्हातारी तुझ्या सायडरपेक्षा हलकी होती.'"

सागास्तीकराचे खांदे भरले, हात भरले. डोळे मात्र अजून धुक्यासारखे.

"अजून काहीतरी अडलंय," मारी म्हणाली.

इतुरीकर ह्या पायावरून त्या पायावर झाला. मग गुहेत कुणी ऐकू नये इतक्या बारीक आवाजात म्हणाला, "आणि त्या वर्षी… माझं सायडर… आंबलेलंच होतं."

"मोठ्यानं!" सागास्तीकर ओरडला.

इतुरीकरानं वर पाहिलं. पिंपाला टेकून एक अख्खा, भक्कम, लालबुंद माणूस बसला होता आणि खो खो हसत होता. इतुरीकरालाही हसू फुटलं. हसता हसता त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. छातीवरची शिळा कुणी उचलून बाजूला ठेवावी, तसं त्याला वाटलं.

"घेऊन जा," मारी म्हणाली. "आता तो माझ्या उपयोगाचा नाही."

"एक विचारू?" इतुरीकर म्हणाला. "भांडण दोघांचं होतं. मग मी का सुटलो?"

मारी पहिल्यांदाच हसली. "ह्यानं तुला गाढव म्हटलं, रेडा म्हटलं. पण प्रत्येक वेळी 'आहे' म्हटलं. दिवसातून दहादा माझा शेजारी असा आहे नि तसा आहे! अशा माणसाला मी कशी नेणार? ह्यानं तुझ्यासारखंच केलं असतं, तर आज तुम्ही दोघे इथे शेजारी शेजारी बसला असता, आणि घ्यायला कुणीच आलं नसतं."

दोघे मागे मागे चालत निघाले. उलटं चालताना एकमेकांच्या पायांत पाय, कोपरांत कोपर. "डावीकडे सरक!" "माझी डावी की तुझी?" असं करत करत एकदाचे उन्हात आले. पुढची उतरण सरळ तोंडानं.

"माझ्या मधमाश्यांना काय सांगितलंस?" सागास्तीकरानं वाटेत विचारलं.

"अर्धंच वाक्य. 'तुमचा मालक आता', एवढंच."

"अर्ध्यावर टांगलंस बिचाऱ्यांना? चल लवकर."

घरी पोचेपर्यंत सूर्य टेकला होता. आधी परसात जाऊन इतुरीकरानं पेटीवर टकटक केलं आणि वाक्य पुरं केलं, 'तुमचा मालक आता घरी आला आहे.' सागास्तीकराच्या बायकोनं नवऱ्याला पाहिलं, हातातली परात टाकली, आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मग त्याच्या गळ्यात पडली. इतुरीकर परत निघाला तसं तिनं त्यालाही हाताला धरून आत ओढलं. "कुठे निघालात भाऊजी? चार दिवस ह्या घरात कुणी पोटभर जेवलेलं नाही. बसा."

दोघांची पानं मांडून ती चुलीपाशी गेली. वाटीत वाढण घेते आहे, तोच बाहेरून आवाज चढला.

"म्हणे गाता येत नाही! माझ्या गाण्याला काय झालं रे?"

"गाणं? तुझ्या कोंबड्यालाही लाज वाटते, म्हणून तो हल्ली उशिरा आरवतो!"

"गाढवाला काय कळणार सुरातलं!"

"तू रेडा!"

टेबलावर मूठ आपटली. भांडी खणखणली. ती घाईघाईनं बाहेर यायला निघाली, पण दारातच थबकली. मग पदरानं तोंड झाकून चुलीपाशी खाली बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडली. तिला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यांचं जरा भांडून होऊ दे म्हणून तिनं वाढायला मुद्दाम उशीर केला.

तात्पर्य: शेजाऱ्याशी भांडावं, रुसावं, फारच झालं तर त्याला गाढवही म्हणावं, पण जो आहे त्याला 'नाही' म्हणू नये. भांडण मिटवता येतं, नाही म्हटलेलं माणूस मात्र कुणीतरी डोंगर चढून परत आणावं लागतं.