सात जणांचं पाणी

“पण बुवा, मग घरात माणसं धरायची तरी किती?”

सखाबुवांनी तांब्याच्या बंबात करवंटी टाकली, फुंकर घातली, धुराने चुरचुरणारे डोळे पुसले.

“घर तुझंच ना रे ते?” ते म्हणाले. “का मी येऊन मोजू?”

सुकृत डुंबरे ओशाळला.

सूर्याच्या उष्णतेचं शिक्षण घेऊन तो नुकताच जर्मनीहून जुन्नरला परतला होता. गावातल्या एकाही न्हाणीघरातून धूर निघता कामा नये, असं त्याने मनावर घेतलं होतं. सुरुवात स्वतःच्या गच्चीपासून. सोलरवाला टेम्पो भरायला उभा होता. दोनशे लिटरची टाकी आणू की तीनशेची, एवढंच त्याला हवं होतं.

आणि एवढंच सुकृतला सांगता येत नव्हतं. म्हणून तो सकाळच्या थंडीत टेकडी चढून मठीत आला होता. लहानपणी याच अंगणात बुवांनी त्याच्या हातात टाळ दिले होते.

“हिशेब सांग तुझा,” बुवा म्हणाले.

सुकृतला जरा हायसं वाटलं. तो भराभर सांगू लागला. हिवाळ्यातलं ऊन किती, नळाला येणारं पाणी किती गार, माणशी बादल्या किती, ढगाळ दिवसासाठी वरचं किती...

“माणशी,” बुवा म्हणाले. “तिथेच थांब. माणसं?”

“चार. अण्णा, आई, आत्या, मी.”

“मग झालं की.”

“आई सात म्हणते.”

बुवांनी मान वर केली.

“दादा, वहिनी...” सुकृत बोटं मोजत म्हणाला. “आणि वहिनीला दिवस गेलेत. म्हणजे, तसं कानावर आलंय.”

“कानावर?”

“दादा घर सोडून गेलाय, बुवा. दसऱ्याला. अण्णा पाहुण्यांदेखत म्हणाले त्याला, फुकटचं गिळतोस. तो भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून अण्णा चारच म्हणतात. मोठी टाकी दिसली तर जिन्यातूनच परत धाडीन, म्हणाले.”

“आणि आई?”

“भांडत नाही. दादाचा पंचा तेवढा धुते. वाळत घालते, घडी करते, परत धुते.”

सुकृतच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो दाबून बंद केला.

“लहान घे,” बुवा म्हणाले. “अण्णांचा मान राहील.”

“आणि ते आले तर? शेवटच्याला गार पाणी. त्यात तान्हं बाळ... पहिल्याच सकाळी वहिनीला कळेल, की या घराने आपल्याला धरलंच नव्हतं.”

“मग मोठी घे.”

“आणि नाहीच आले तर? रोज पाणी उरेल. आई रोज रात्री नळ सोडून बघेल, अजून कढतच आहे म्हणून...”



“तिकडे काय शिकवलं याचं?”

“तिकडे माणसं दिलेली असतात, बुवा. प्रश्नातच.”

बुवा गालात हसले. “जा, पाय धुऊन ये. काकडलास.”

सुकृतने बंबाची तोटी सोडली, बादली भरली, पायांवर पाणी घेतलं. क्षणभर बरं वाटलं. मग फोन पुन्हा थरथरला आणि बरं वाटणं गेलं.

तो वळला तेव्हा बुवा गुडघ्यावर हात टेकून उठत होते. त्यांनी गार पाण्याची कळशी उचलली आणि बंबात रिती केली.

सुकृतला एकदम आठवलं. बंबातून जेवढं काढाल तेवढं मागच्यासाठी ओतायचं. लहानपणी हे त्याच्या अंगवळणी होतं.

“राहिलंच, बुवा. द्या इकडे.”

“राहायचंच. तुमच्या त्या जर्मनीत कढत पाणी भिंतीतून येतं ना?”

“पण आता मागे आहे कोण? तुमची आंघोळ झाली. मी तर निघालोच.”

बुवांनी पायवाटेकडे पाहिलं. सुकृतनेही पाहिलं. खालपर्यंत धुकं होतं, आणि धुक्यात कोणी नव्हतं.

“दिसतंय कोणी?”

“नाही.”

“मलाही नाही,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी बंबात आणखी एक ढलपी सारली.

आत पाणी कुजबुजायला लागलं...

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा सुकृतने तो घेतला.

“तीनशेची आणा,” तो म्हणाला. “हो. अण्णांशी मी बोलतो. जिन्यात मी उभा राहतो.”

फोन खिशात ठेवताना त्याचा चेहरा उजळला होता.

“कळलं, बुवा. येवोत न येवोत, पाणी ठेवायचं. सात जणांचं ठेवायचं.”

तो पाया पडायला वाकला. बुवांनी पाय मागे घेतले.

“दादाशी बोललास, परतल्यापासून?”

सुकृत वाकलेलाच राहिला.

“नाही...” तो म्हणाला. “म्हटलं, आधी टाकी बसू दे.”

बुवांनी रिकामी कळशी त्याच्या हातात दिली आणि ते पुन्हा बंबापाशी बसले.

“बंब तापलाय म्हणून कोणी टेकडी चढत नाही, बाळा.”