हैबतीची बत्ती, गोजराचं चाक

ही गोष्ट त्या वेळची, जेव्हा उंबरधारेच्या डोंगरात अंधार लवकर यायचा आणि रेंगाळत जायचा. सरकारी विजेच्या तारा घाटाखालीच अडकलेल्या. गावात उजेड म्हणजे घरोघरची चिमणी, आणि उजेडाचा राजा म्हणजे हैबती बत्तीवाला.

हैबतीकडं चार गॅसबत्त्या होत्या. लग्न असो, बारसं असो की भजन, हैबती आल्याशिवाय पान हलत नसे. तो मांडवाच्या मधोमध उकिडवा बसायचा, सावकाश काच पुसायचा, वातीच्या जागी मेंटल बांधायचा, रॉकेल भरून पंप मारायचा. गाव टक लावून बघत राहायचा. मग भस्सकन पांढरा उजेड पडायचा आणि म्हाताऱ्या म्हणायच्या, "हैबती, तुझा हात देवाचा रं बाबा!" हे एक वाक्य ऐकलं की हैबतीला जेवणसुद्धा नको व्हायचं. असं म्हणतात, की त्याच्या उजेडात भांडून आलेले व्याहीही एकमेकांना देखणे दिसायचे.

आणि मग गोजरा आली.

गोजरा हैबतीच्या जिवलग दोस्ताची, खंडूची बायको. खंडू घाटाखालच्या वीजघरात कामाला होता, तिथंच तापानं गेला. गोजरा गावी परतली ती बैलगाडीत एक जुना डायनामो घालून. लोक हसले. नवऱ्याच्या मागं बाई लोखंड घेऊन आली म्हणाले. तिनं सगळ्यांना धबधब्याखाली नेलं आणि सांगितलं, "ह्ये पानी जल्मापास्नं फुकाट पडतंय. त्येला कामाला लावू, त्येच्यावर चाक फिरवून ईज काढू. पर मी एकलीनं उजेड आनला, तर तुमाला रोज माझ्या दारात यावं लागंल. तसं नगं. चाक समद्यांचं हुंदे."

हैबती मागं उभा होता. लोकांनी आपल्या दारात यावं, यावर तर त्याचा जन्म चालला होता. ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं घुसलं.

घरटी एक भाग ठरला. कुणी दगड दिले, कुणी सागाचं लाकूड, सुतारानं चाकाची पाती घडवली, ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्यानं पाट खणला. पाटलाच्या घराला एक मत आणि ओढ्याकाठच्या खोपटालाही एकच. उन्हाळ्यात पाणी आटलं, तर सगळ्यांच्याच घरचा एकेक दिवा बंद. पाटाच्या तोंडाशी बांबूची जाळी होती, तिच्यावरचा पाला रोज काढायचा, घरोघरच्या पाळीनं. पाळी कुणाची हे विचारायची गरजच नव्हती. पाला ओढायला लांब दांड्याचं एकच दाताळं होतं. ते ज्याच्या दाराशी उभं, त्याची पाळी. काम झालं की दाताळं शेजारच्या दारी.

चाक फिरलं. असं म्हणतात, की पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा धबधबा घटकाभर पडायचा थांबला आणि वाकून गावाकडं बघत राहिला. कोंबडे फसून आरवले. आणि म्हाताऱ्या काय म्हणाल्या? "गोजरा, तुझा हात देवाचा गं बाई!"

हैबतीचं वाक्य! त्याच तोंडांनी, त्याच सुरात!

तेव्हापासून हैबतीला पोटशूळ उठला तो उठलाच. त्याच्या बायकोनं त्याला न विचारता भाग घेतला होता. घरात दिवा लागला की हा त्याच्याकडं पाठ करून जेवायचा. गोजरा वाटेत भेटली की तोंडभर हसायचा आणि पुढं जाऊन थुंकायचा. रोज बत्त्यांच्या काचा पुसायचा, पण बोलावणं काही येत नव्हतं. लोक विसरले याचं त्याला दुःख होतंच. पण तिला कुणी विसरत नाही, याचं दुःख त्याहून मोठं होतं.

फाल्गुनात सुताराच्या मुलीचं लग्न निघालं. पानझडीचे दिवस. ओढा पाल्यानं भरलेला. आणि नेमकं त्याच दिवशी दाताळं आलं हैबतीच्या दारी.

हैबतीनं इकडं तिकडं बघितलं, दाताळं उचललं आणि माळ्यावर टाकलं. जाळीकडं तो फिरकलाच नाही. दिवसभर दार लावून चारही बत्त्या सज्ज करत बसला. आता चाक थांबेल, मांडव काळा पडेल आणि सगळे धावत येतील, 'हैबती, बत्ती आण!' आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. पण हैबतीला त्या दिवशी नाकाची पर्वा नव्हती.

दिवेलागणीला नवरदेवाची मिरवणूक निघाली आणि गावातले दिवे मिणमिणत विझले. हैबतीनं चारही बत्त्या पेटवल्या आणि वाट बघू लागला. कुणी आलं नाही. मग स्वतःच बत्त्या घेऊन मांडवात गेला. मांडव रिकामा! तिथं एकटी तुळसाआजी बसली होती, तिला डोंगर चढवत नव्हता म्हणून.

"वऱ्हाड कुठं गेलं?" हैबतीनं विचारलं.

आजीनं वर बोट केलं. डोंगराच्या वाटेनं कंदील आणि पेटत्या चुडी चढत होत्या. मुंडावळ्या बांधलेला नवरदेवही त्यांत होता.

"लगीन टाकून?"

"आरं, आपलं चाक थांबलंय," आजी म्हणाली. "बगाया नगं?"

चार बत्त्यांच्या लखलखाटात हैबती उभा राहिला. उजेड बघायला एक म्हातारी आणि एक कुत्रं. त्याची बत्ती विझली असती, तर लोक तो येईपर्यंत बसून राहिले असते. गोजराचं चाक थांबलं, तर सगळा गाव उठून गेला. इतका हेवा त्याला जन्मात वाटला नव्हता. आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की माणसं गेली आहेत, पण दाताळं आपल्या माळ्यावर आहे.

आता ते तसंच ठेवलं, तर जाळी निघायची नाही. घेऊन गेलं, तर पाळी कुणाची होती ते गाव बघणार. हैबती घराकडं पळाला. एका हातात बत्ती, दुसऱ्यात दाताळं घेऊन तो डोंगर चढला.

वर पाणी तुंबून पाटाचा बांध खचायला लागला होता. धबधब्याच्या तुषारांनी चुडी विझल्या होत्या, कंदिलाचा उजेड पोचत नव्हता. गोजरा कमरेभर पाण्यात उभी राहून चाचपडत पाला उपसत होती. बांबूंनी हात सोलून निघालेले. हैबती आला तसे सगळ्यांचे डोळे दाताळ्यावर गेले.

गोजरा म्हणाली, "भावजी, दाताळं सुताराकडं द्या. तुमी बत्ती धरा. हितं कुणालाच काय दिसंना झालंय."

हैबती पाण्यात उतरला आणि बत्ती डोक्यावर धरून उभा राहिला. असं म्हणतात, की मधेच रॉकेल संपलं, तरी बत्ती विझली नाही. तुळसाआजी म्हणायची, "पोटातला हेवा जळत हुता. त्यो काय थोडा हुता व्हय?"

जाळी निघाली, बांध वाचला, चाक फिरलं, लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सभेत लोकांनी हैबतीची तार तोडायला हात वर केले. गोजराचाही एकच हात. तो तिनं खाली ठेवला आणि म्हणाली, "आपन समदी उजेड घेनारी. ह्यो उजेड दिल्याबिगार जेवत न्हाई. असा मानूस भाईर ठिवून चाक चालंल? रोज तिन्हीसांजंला चाकाजवळचा दिव्यांचा खटका ह्येंनीच वडावा."

एकेक करून हात खाली आले. तेव्हापासून हैबती रोज फेटा बांधून खटका ओढायला जायचा. हेवा मात्र गेला नाही. कुणी गोजराची तारीफ केली, की तो पुटपुटायचा, "खटका कोन वडतं ते बी सांगा."

गोजरा गेली त्या सांजेला त्यानं खटका ओढला नाही. सगळा गाव अंधारात बसला. हैबतीनं एक बत्ती पेटवली, तिच्या उंबऱ्यावर ठेवली, आणि इतकी वर्षं गळ्यात अडकलेलं वाक्य बाहेर पडलं, "वैनी, तुझा हात देवाचा गं."

आता उंबरधारेत शाळेच्या छपरावर सौर पाट्याही आहेत, त्याही सगळ्यांच्या भागातल्या. त्यांच्यावरची धूळ पुसायची पाळी त्याच दाताळ्यानं ठरते. दांड्याला फडकं बांधतात एवढंच. पण गोजराच्या तिथीला सांजेला सगळे दिवे मालवतात. हैबतीच्या घरची बत्ती पुढं निघते, मागून गाव डोंगर चढतो. जाळी साफ होते. मग त्या दिवशी दाताळं ज्याच्या दारी असेल, तो खटका ओढतो, मग तो कुणी का असेना. खाली गावात दिवे लागतात आणि सगळे त्यालाच म्हणतात, "तुझा हात देवाचा रं बाबा!"