धाकटीची पुडी

"माझं निदान चुकलं होतं का, स्वामी?"

"नाही."

"मग जाई का गेली?"

संन्यास घेण्याआधी स्वामी लहान मुलांचे डॉक्टर होते. कृष्णाकाठच्या मठात आता त्यांचा दवाखाना होता आणि हाताखाली हेरंब. हुशार पोरगा, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारा.

यमुनाबाईंनी आपल्या थोरल्या लेकीला, जाईला, दवाखान्यात आणलं तेव्हा स्वामी परगावी होते. हेरंबनं एका नजरेत ओळखलं. पोर अंगानं सुटत चालली होती, पण उंची मात्र कधीचीच खुंटलेली. चेहरा टम्म गोल, पोटावर लालसर वळ. बाजारातल्या औषधवाल्याची दम्यावरची पुडी ती कित्येक महिने रोज घेत होती, आणि त्या पुडीत स्टिरॉइड होतं.

हेरंबनं पुडी आईच्या हातातून हिसकावून मोरीत टाकली. "विष आहे हे. आजपासून बंद." मग दिवसभर तो मोठ्या तोऱ्यात वावरला.

पुढे दोनचार दिवसांतच जाईला ताप आला, उलट्या झाल्या. दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

"विषच होतं ना ते, स्वामी?"

"विषच. पण तसलंच द्रव्य शरीर स्वतःही बनवतं, आणि पुडीच्या भरवशावर तिच्या शरीरानं ते बनवायचं सोडून दिलं होतं... बाहेरून येणारं हळूहळू कमी करायचं असतं. तू एका दिवसात काढून घेतलंस."

हेरंबला रडू आवरेना.

"मी जातो, स्वामी. माझ्या हातून आता कुणाला औषध नको."

तेवढ्यात दारात यमुनाबाई दिसल्या. कडेवर धाकटी सगुणा, मान टाकलेली. तिचाही चेहरा तसाच गोल.

"डाक्टर, हिलाबी तीच पुडी चालू व्हती. तुमी इख म्हनला, म्हनून म्या हिचीबी बंद केली. सकाळपास्नं ओकतीया."

घरात आणखी कुणी पुडी घेतं का, हे हेरंबनं विचारलंच नव्हतं.

स्वामींनी घाईनं कपाट उघडलं, इंजेक्शन भरलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं बाटलीवरचं नाव वाचलं.

"हे तर... तेच विष."

"तेच. टोच."

"तुम्ही द्या, स्वामी. माझा हात थरथरतोय..."

स्वामींनी सुई त्याच्या हातात दिली.

"थरथरू दे. जाईच्या वेळी तो थरथरला नव्हता."