अग्निद ठरलेली कुंभारीण

एका राज्यात, जिथे नद्यासुद्धा राजाज्ञा पाळत, आग लावणाऱ्याला कायद्यात 'अग्निद' म्हणत. न्यायाधीश तो शब्द उच्चारी, सारे नगर गुन्हेगाराकडे पाठ फिरवी, आणि तेव्हापासून त्या माणसाजवळ विस्तव जगत नसे. चूल विझे, दिवा विझे.

राजाच्या विजयोत्सवात गवताची कोठारे जळाली. शेजारीच सगुणा कुंभारणीची भट्टी होती. मांत्रिक न्यायाधीश कालदंताने तिच्यावरच तो शब्द टाकला. तिची मडकी कच्चीच राहिली. भट्टी पेटेना, मग ती कुंभारीण कसली? तिने दरबारात जाऊन शब्द परत घ्यायला सांगितले.

कालदंताने तीन कामे नेमली. पहिले, जळत्या खंदकापलीकडच्या शापित खजिन्यातून, सोन्याला हात न लावता, मातीची पणती आणायची. सगुणा पोचताच खंदक विझला. सोन्याच्या राशींनी तिला नावाने हाका मारल्या. तिने पणती उचलली. दुसरे, अग्निपक्ष्याचे पीस.

"लांबच थांब, बाई. मी विझेन," म्हणत पक्ष्याने ते फेकून दिले आणि मागोमाग उडत आला.

तिसरे सोपे होते. भर चौकात म्हणायचे, आग मी लावली.

नगर जमले, रिवाजाप्रमाणे पाठमोरे. राजाही. छपरावरून पक्षी म्हणाला, की बोलून टाक आणि भट्टी पेटव, पुढे कोण विचारतो?

"नाही," सगुणा म्हणाली.

जन्मभर गार चुलीपाशी बसशील, असे कालदंताने बजावले.

"बसेन. मला आग लावताना ज्याने पाहिले, त्याने माझ्याकडे तोंड करून सांगावे."

कोणी हलेना. मग येसू तेलीण वळली. "मी नाही पाहिले, सगुणे. सगळे वळले म्हणून वळले होते."

तिच्यामागून लोहार वळला, कोष्टी वळले, पहारेकरी वळले. कालदंत मंत्र पुटपुटत राहिला. समोर पाठी नव्हत्या, मंत्र कोणाला लागेना. शेवटी एकटा राजाच पाठमोरा उरला.

बऱ्याच वेळाने तोही वळला. मुकुट काढून म्हणाला, "शोभेची दारू मी उडवली. ठिणगी माझी."

येसूने विचारले, आता यांच्याकडे पाठ फिरवायची का?

"नको," सगुणा म्हणाली. "महाराजांकडे सगळ्यांनी नीट बघत राहा."

तो शब्द कायद्यातून गेला, कालदंत राज्यातून गेला. राजाने स्वतः डोक्यावरून सरपण वाहिले, आणि साऱ्या नगरादेखत कुंभारणीची भट्टी धडाडून पेटली.